पाळीची तारीख दोन आठवडे आधीच ठरलेली असते

पाळीचे दिवस आपण रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, कारण डोळ्यांना दिसणारी खूण तेवढीच. डॉक्टरही तसंच मोजतात. हिशोबाला ते सोयीचं आहे, पण शरीराचा हिशोब वेगळ्या दिवसापासून चालतो. बीजकोशातून स्त्रीबीज सुटलं की पुढच्या पाळीची तारीख ठरते. तिथून साधारण १४ दिवसांनी, फार तर दोन दिवस इकडेतिकडे, पाळी येते. म्हणजे ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि २४ दिवसांवाल्या बाईचं दहाव्या. 'चौदाव्या दिवशी बीज सुटतं' हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू आहे. पाळी लांबली म्हणजे बहुतेक वेळा उशीर पाळीने नाही, बीजाने केलेला असतो.

हे कळायला १९२४ साल उजाडावं लागलं. जपानमधल्या नीगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो पोटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बीजकोश प्रत्यक्ष पाहायचे आणि जे दिसलं ते त्या बाईच्या पाळीच्या तारखांशी ताडून बघायचे. त्यांचा निष्कर्ष असा, की बीज पुढच्या पाळीच्या आधी १२ ते १६ दिवसांच्या दरम्यान सुटतं. ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस यांनीही काही वर्षांत स्वतंत्रपणे जवळपास हेच सांगितलं. तोवर सगळे मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते, या दोघांनी पुढच्या पाळीपासून मागे मोजलं. 'सेफ पिरियड'च्या, म्हणजे संबंध आले तरी दिवस राहणार नाहीत असे दिवस काढण्याच्या हिशोबातली मेख इथेच आहे. मागे मोजायला पुढची तारीख आधी माहीत हवी, आणि ती तर पाळी आल्यावरच कळते. त्यात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात आणि बीज १२ ते २४ तास, म्हणजे दिवस राहू शकण्याची मुदत जवळपास सहा दिवसांची. कॅलेंडरच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता चक्राचा पहिला अर्धा भाग, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन दर ६० ते ९० मिनिटांनी एकेका झटक्यात सुटतं. झटका महत्त्वाचा. अर्न्स्ट नोबिल यांनी १९७०च्या दशकात माकडिणींवर प्रयोग करून दाखवलं, की तेच हार्मोन सलग सोडत राहिलं तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थंडावते, आणि तासातासाने दिलं की पुन्हा कामाला लागते. एंडोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतं त्या आजारासाठी, महिन्यातून एकदा देतात ती ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं याच गुणावर चालतात. जीएनआरएचसारखं औषध अंगात सतत ठेवायचं, म्हणजे बीजकोश गप्प बसतात.

झटके व्यवस्थित असतील तर पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोनं रक्तात सोडते. पाळी सुरू होते तेव्हा बीजकोशात काही फॉलिकल, म्हणजे बीज पोटात धरलेले बारीक फुगे, तयारीत असतात. फुग्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचच्या हुकमावर अँड्रोजेन बनवतात, तेच ते ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या हुकमावर त्याचं इस्ट्राडायॉल करतात, आणि इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेनमधलं मुख्य. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन पुरुषी हार्मोनातूनच बनतं, हे ऐकून अजूनही अनेकांच्या भुवया उंचावतात.

इस्ट्राडायॉल आणि त्याच फुग्यांतून येणारं इनहिबिन बी हे हार्मोन वाढलं, की पिट्युटरीला निरोप जातो आणि एफएसएच कमी होतं. टाकी भरत आली की फ्लोट वर येऊन पाणी बंद होतं, तसलाच प्रकार. पण त्यामुळे बाकीच्या फुग्यांचं खाणंपिणं तुटतं. ज्या एकाने तोवर एफएसएच पकडणारे रिसेप्टर सगळ्यांत जास्त जमवलेले असतात, तो थोडक्यावरही भागवतो, बाकीचे वाळून जातात. ही निवड साधारण सहाव्या-सातव्या दिवशी होते. त्यानंतर तो फुगा रोज दीड-दोन मिलिमीटरने वाढत १८ ते २४ मिलिमीटरपर्यंत जातो. दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी चालू असताना एक दिवसाआड सोनोग्राफी करतात ती हा आकार मोजायला. त्याच वेळी गर्भाशयाचं अस्तरही मोजतात. पाळी संपल्यावर ते तीन-चार मिलिमीटर असतं, बीज सुटायच्या सुमारास आठ ते बारा. अंगावरून जाणारं पांढरंही या दिवसांत पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या बलकाबाहेरच्या भागासारखं होतं आणि बोटांत धरलं तर तार सुटते. हे इस्ट्रोजेनचं काम. खाज नाही, वास नाही, तर त्यावर औषध घ्यायची गरज नाही.

यापुढे एक उलटी गोष्ट घडते, आणि सगळ्या चक्रातली ती सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे असं माझं मत. आतापर्यंत जे इस्ट्राडायॉल पिट्युटरीला आवरत होतं, ते मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन दोनेक दिवस तिथेच राहिलं, की तेच तिला उचकवतं. एलएचची मोठी लाट येते. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी फुगा फुटतो आणि बीज बाहेर पडतं. वर गेलेली पातळी तेवढा वेळ टिकली नाही, फुगा अर्धवट वाढून बसला, तर लाट येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या हीच लाट लघवीत पकडतात. पट्टीवर दोन सारख्या गडद रेघा दिसल्यावर साधारण दिवसा-दीड दिवसात बीज सुटायला हवं. पीसीओएस, म्हणजे बीजकोशात फुगे बरेच पण बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास, असलेल्या अनेक बायकांत मात्र एलएच एरवीही चढं असतं, त्यामुळे पट्टी बरेचदा उगाच 'हो' म्हणते आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही. अशांनी त्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

बीज गेलं, रिकामा फुगा उरला. तो वाया जात नाही. त्याच्या भिंती पिवळ्या पडतात, आत रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याचं पीतपिंड होतं. हा दोनेक सेंटिमीटरचा पिवळा गोळा ऐन भरात असताना दिवसाला २५ मिलिग्रॅमच्या आसपास प्रोजेस्टेरॉन तयार करतो. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं आणि त्याला गर्भ रुजण्यासाठी तयार करतं. पांढरं घट्ट होतं, आतडी सुस्तावतात, छाती जड वाटते. अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, रोज एकाच वेळी तापमान घेतलं तर हा चढ वहीत दिसतो. पण तो बीज सुटून गेल्यावर दिसतो, म्हणून पुढचा अंदाज बांधायला त्याचा उपयोग नाही.

पीतपिंडाचं आयुष्य ठरलेलं असतं. गर्भ रुजला तर त्याच्याकडून एचसीजी नावाचं हार्मोन येतं आणि पीतपिंड टिकतं. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी शोधते ते हेच एचसीजी. एचसीजी नाही आलं तर दोन आठवड्यांच्या आत पीतपिंड आक्रसतं, प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्ही उतरतात. दुसरा अर्धा भाग पहिल्यासारखा लांबत नाही त्याचं कारण एवढंच.

उतरत्या प्रोजेस्टेरॉनबरोबर अस्तरात काय होतं ते जरा जवळून बघू. त्याचा हात निघाला की अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची, स्नायू आवळायला लावणारी रसायनं बनवायला लागतात. अस्तराला रक्त पोचवणाऱ्या, स्प्रिंगसारख्या वळलेल्या रोहिण्या आवळतात. वरच्या थराचा रक्तपुरवठा तुटतो, ऊतक विरघळवणारी एन्झाइम मोकळी होतात, वरचा थर सुटून येतो. खालचा पातळ थर जागेवर राहतो, पुढच्या महिन्याचं अस्तर त्यातूनच उगवतं. सगळं मिळून रक्त जातं ते सरासरी ३० ते ४० मिलिलिटर; ८० मिलिलिटरच्या वर जास्तच म्हणायचं. घरी मोजणं शक्य नसतं, पण दर तासा-दोन तासाला पॅड भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, ही खूण पुरेशी. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासावं.

पोटात कळा येतात त्याही प्रोस्टाग्लँडिनमुळे, आणि पहिल्या दिवशी शौचाला पातळ होतं तेही त्यामुळेच, कारण शेजारची आतडीही आवळतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतं. बनून गेलेलं काढून टाकत नाही. म्हणून कळा असह्य होईपर्यंत दम धरून मग गोळी घेतली तर ती 'लागू पडत नाही'. त्रास दर महिन्याला होत असेल तर रक्त दिसताच, पोटात काही घालून, पहिली गोळी घ्यावी. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, किंवा वेदनाशामकाने दमा उसळतो अशांनी ती घेऊ नये.

आता मेडिकलच्या काउंटरवरची गोष्ट. गौरी-गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत 'तारीख पुढे ढकलायची गोळी' मागायला बायका येतात. देवाला पाळी चालत नाही या समजुतीशी मी सहमत नाही, पण गोळी घेतली जातेच, तर नीट घेतलेली बरी. ती असते नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी यांच्या हाताखालच्या लुइस मिरामोन्तेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं, तिथल्या रानटी कंदापासून काढलेल्या द्रव्यातून. वर जे सांगितलं त्यावरून तिचं काम लगेच कळेल. पीतपिंड आपल्या वेळेवर आक्रसतं, पण बाहेरून हार्मोन मिळत राहिल्यामुळे अस्तराला ते कळतच नाही. गोळी थांबली की त्याला ते कळतं, आणि दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो.

नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. समजा पाळी १२ तारखेला यायची आहे आणि १३ला कार्यक्रम संपतो. मग ९ तारखेला सुरू करायची आणि १३ला शेवटची. पाच दिवस, पंधरा गोळ्या. रक्तस्राव १५-१६ला. पुढच्या महिन्याचा हिशोब या नव्या तारखेपासून.

बिघडतं कुठे? सगळ्यांत जास्त वेळा उशिरा सुरू केल्यामुळे. डाग दिसायला लागल्यावर गोळी घेतली तर वरची सगळी साखळी आधीच सुटलेली असते आणि ती मागे फिरत नाही. दुसरं म्हणजे तीनऐवजी एक किंवा दोनच गोळ्या घेणं. औषध रक्तातून साधारण आठ तासांत निम्मं होतं, म्हणून तीन वेळा. एखादी राहिली की डाग पडतात. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं चालू असतील तर यकृत हे हार्मोन लवकर मोडून टाकतं, डोस पुरा घेऊनही फसतो. आणि पाळी मुळातच अनियमित असेल तर 'तीन दिवस आधी' कशाच्या, हाच प्रश्न. अशा बाईने महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून चक्रच गोळ्यांनी बांधून घेणं शहाणपणाचं. संबंध आले असतील आणि तारीख उलटून गेलेली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग गोळी. या गोळीने दिवस राहायचे थांबतील असंही धरू नये.

ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून निरुपद्रवी समजली जाते, हे मला खटकतं. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये. दिवसाला १५ मिलिग्रॅम घेतल्यावर तो भाग दुर्लक्ष करण्याइतका उरत नाही. म्हणून पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असलेली बाई, यांनी ती घेऊ नये. वजन फार असेल, धूम्रपान असेल, लांबचा प्रवास असेल तर विचारून घ्यावी; मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हा पर्याय अशा वेळी असतो. गोळी चालू असताना एकच पोटरी सुजली, दुखली किंवा एकाएकी दम लागला तर कार्यक्रम बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. ज्या बायका माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेतातच, त्यांना वेगळी गोळी लागत नाही. २१ पांढऱ्या संपल्या की लोहाच्या सात वगळून दुसरं पाकीट सुरू करायचं. त्या सात दिवसांत एरवी येते तीही खरी पाळी नसते, हार्मोन थांबल्यावरचा रक्तस्राव असतो.

तारीख आपणहून पुढे जाते तेव्हा पहिल्या अर्ध्या भागात काय अडलं ते शोधायचं. वजन झपाट्याने उतरलं, खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली, परीक्षा किंवा आजारपणाचा ताण आला, की हायपोथॅलॅमसचे झटके मंदावतात. थायरॉइड कमी असणं हे दुसरं कारण. तिसरं कारण फार वेळा नजरेतून सुटतं, ते म्हणजे प्रोलॅक्टिन. हे दूध आणणारं हार्मोन चढलं की झटके दबतात. आणि ते चढवणारी औषधं घरोघर असतात. पित्तासाठी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या ज्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडॉन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, ती महिनोन् महिने चालू राहिली तर पाळी लांबू शकते, छातीतून दूधही येऊ शकतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. फक्त पॅन्टोप्राझोल असेल तर ही अडचण सहसा नाही. संबंधांनंतर ७२ तासांत घ्यायची गोळी, म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, एलएचची लाट मागे ढकलूनच काम करते, म्हणून ती पाळीची तारीखही हलवते. लाट सुरू झाल्यावर घेतली तर तिचा उपयोग जवळपास होत नाही. आठवड्यापेक्षा जास्त उशीर झाला तर टेस्ट करावी.

पीसीओएसमध्ये फुगे बरेच, पण एकही शेवटपर्यंत वाढत नाही. बीज सुटत नाही, पीतपिंड नाही, प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच, आणि अस्तर वाढतच राहतं. मग कधीतरी ते स्वतःच्या भाराने तुकड्यातुकड्याने गळतं: तीन महिने काही नाही आणि मग पंधरा दिवस रक्त. वर्षाला निदान चार वेळा अस्तर झडायला हवं, नाहीतर वर्षानुवर्षांनी त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर गर्भ नाही याची खात्री करून डॉक्टर काही दिवस प्रोजेस्टेरॉन देतात आणि थांबवतात. त्याने पाळी येते, बीज सुटत नाही. दोन्हीत गल्लत नको. पहिली पाळी आल्यानंतरच्या दोनेक वर्षांत मुलींच्या पाळ्या बरेचदा अशाच बीजाशिवाय येतात, तेव्हा २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. त्या वयात पीसीओएसचा शिक्का मारायची घाई करू नये.

चाळिशीनंतर उलट क्रम दिसतो. फॉलिकल कमी उरल्याने एफएसएच चढं राहतं, पहिला भाग आखडतो, आणि २८ची पाळी २४-२५वर येते. मग महिने चुकायला लागतात. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. बारा महिने कोरडे गेल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला तरी तपासणी लगेच.

'पिशवी काढली' की हार्मोनही गेले, असं अनेक घरांत समजतात. नुसतं गर्भाशय काढलं आणि बीजकोश ठेवले तर वरचं सगळं चक्र रक्ताशिवाय चालू राहतं. बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं: अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने चौकशी समिती नेमली होती. त्यांतल्या कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं होतं. शस्त्रक्रियेच्या कागदावर 'बीजकोश ठेवले की काढले' हे लिहिलेलं असतं. ते वाचून घ्यावं आणि कागद जपून ठेवावा.

शेवटी तपासण्यांचं वेळापत्रक, कारण यात पैसे हमखास वाया जातात. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. थायरॉइडची टीएसएच ही तपासणी कोणत्याही दिवशी चालते. प्रोलॅक्टिनही, पण ते सकाळी उठून तास-दोन तास झाल्यावर, शांत बसून द्यावं. प्रोजेस्टेरॉन 'एकविसाव्या दिवशी' असं छापील कागदावर असतं, ते २८ दिवसांच्या बाईसाठी. खरा नियम पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. ३५ दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी. ३५वालीने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर बीज त्याच सुमारास सुटत असतं, आकडा कमी येतो आणि 'बीज सुटत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मिलिलिटरमागे तीन नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला म्हणजे बीज सुटलेलं आहे. रक्त दिल्यानंतर पाळी कधी आली तेही रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा. सातऐवजी दोन किंवा बारा दिवसांनी आली असेल तर तो आकडा बाजूला ठेवून पुढच्या महिन्यात पुन्हा तपासावा लागतो.